तंबूत घेतलेलं नाव

माझा भाऊ देवीदास मुका नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण अकोल्यात मोर्णेच्या काठी आमचा भाजीचा मळा, तिथले अर्धे लोक त्याले मुकाच समजत. जीभ चांगली होती, कान चांगले होते, मराठी चौथी पास होता. फक्त घरात बोलत नसे. सकाळी भाजीची टोपली डोक्यावर घेतली की "निघतो" म्हणे, दुपारी ताटावर बसला की "वाढ" म्हणे, बाकी सगळं मान हलवून. मी त्याची मोठी बहीण, वच्छला. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, माहेरी परत आली, अन् माय मेल्यावर याले मीच मोठं केलं. मले तरी त्यानं मनातलं काही सांगतलं असंल म्हणता? छे.

अन् हाच माणूस संध्याकाळी तंबूत उभा राहला की चारशे-पाचशे लोकायले रडवायचा.

आता बोलते सिनेमे आले. आजकालच्या पोरीयले सांगतलं तं पटत नाही, की तवा पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवत. मधात काळी पाटी येई, तिच्यावर पांढऱ्या अक्षरात ते काय बोलले ते लिहलेलं असे. आमच्या तंबूत येणारे सगळे जिनिंगमधले मजूर, बंडीवाले, भाजीवाले. त्यायले कुठची अक्षरं येतात? अन् ज्यायले थोडं वाचता येई त्यायची गाडी गुजरातीपाशी अडे, कारण पाट्या बहुत करून गुजरातीत येत. देवीदासले गुजराती येत होतं. एका गुजराती मुनिमाच्या घरी तो रोज भाजी टाके, मुनिमाची म्हातारी आई ओसरीत पोथी वाचत बसे. तिच्याजवळ टोपली टेकवून, उभ्या उभ्या, दोन वर्षांत त्यानं ती अक्षरं उचलली. आमाले कोणाले पत्ताच नाही. तंबूवाला शेठ वाचणारा माणूस शोधून राहिला होता, तवा मुनिमानंच याचं नाव सांगतलं.

पडद्याच्या बाजूले एक खोकं ठेवलेलं असे. त्याच्यावर देवीदास उभा राहे, हातात टिनाचा भोंगा. पाटी आली की गुजराती वाचायचं अन् बोलायचं आपल्या वऱ्हाडीत. राजा आला की आवाज जाड, म्हातारी आली की कापरा. अन् प्रेमाचा मामला आला की अरे बाप्पा, आवाज असा काही मऊ होई, की पहिल्या खेपेले ऐकलं तवा मले वाटलं हा दुसराच कोणी आहे. मी बायायच्या कनातीतून मान काढून पाहलं. आमचाच होता. सदरा मीच धुतलेला होता.

त्याचं लग्न सन सत्तावीसमध्ये झालं. पोरगी अमरावतीची, रुख्मिणी. अंबानाल्याच्या काठी तिच्या बापाचा, नत्थुजीचा, फुलांचा मळा होता. शेवंती, झेंडू, मोगरा. पोरीचा हात असा चलाख की बोलता बोलता गजरा होऊन जाई. बोलायची हौस, हसायची हौस. मी मनात म्हटलं, देवानं बरी जोडी लावली, एकानं बोलावं अन् एकानं ऐकावं.

वरात दारात आली तवाची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथूनच आहे. आमच्यात नवऱ्याची बहीण दार अडवते. नवरानवरीनं एकमेकांचं नाव घेतल्याशिवाय घरात सोडत नाही. मंग जे नाव घेतलं ते घेतलं, त्यानंतर जन्मभर ना बाई नवऱ्याचं नाव घेत, ना नवरा बाईचं. अहो अन् अवं, याच्यावर संसार. तं मी दोन्ही हात चौकटीले लावून उभी. रुख्मिणीनं खणखणीत नाव घेतलं, सगळ्या बाया खूश. मंग देवीदासची पाळी. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, बाशिंगाखालून घाम गळाले लागला. बाया हसून राहिल्या. "घे ना रे, घे ना." ओठ हलत अन् आवाज येत नसे. रुख्मिणी खाली मान घालून थांबली होती. मले त्याची दया आली. मी म्हटलं, जाऊ द्या वं, दमला पोरगा, अन् मी हात खाली घेतले.

नाव न घेता तो आत आला. मीच येऊ दिलं.

तीन वर्षं बरी गेली. लेकरू नव्हतं, पण त्याच्यावरून कोणी टोचून बोलत नसे, मी बोलू देत नसे. रुख्मिणी पहाटे उठून मळ्याच्या बांधावर लावलेली फुलं तोडे, गजरे करे, बजारात बसे. देवीदास भाजी विके अन् संध्याकाळी तंबूत जाई. तंबूत काय बोलतो ते रुख्मिणीले माहीत नव्हतं. तरण्या सुनेनं तंबूत जायचं नाही, असं मीच ठरवून ठेवलं होतं. त्याचं बायकोशी बोलणं म्हणजे "अवं, पाणी". ती म्हणे, बाई, यायच्या तोंडाले कुलूप लावलं अन् किल्ली मोर्णेत टाकली का कोणी? आमी दोघी हसत असू. मले वाटे, ती मनापासून हसते.

सन तीसच्या उन्हाळ्यात तो खेळ आला. ते साल मले चांगलं ध्यानात आहे, कारण तवाच आपल्याकडचे लोक दहीहंड्याले विहिरीच्या खाऱ्या पाण्याचं मीठ करायले गेले होते अन् गल्लीत दुसरी गोष्ट नव्हती. पण बायायमध्ये या खेळाचीच गोष्ट. एक जहागीरदाराचा पोरगा अन् एक फुलं विकणारी पोरगी, चंपा. त्याचा बाप त्याले दूर धाडून देतो, चंपा झोपडीत वाट पाहत राहते, झिजून झिजून जाते. शेवटी तो येतो, दार ठोकतो, हाक मारत राहतो. दार काही उघडत नाही, ती आत मेलेली असते. एवढंच. आता बोलते सिनेमे पाहणाऱ्यायले हे काहीच वाटणार नाही. पण तीन आठवडे तंबू भरून वाहत होता, अन् लोक म्हणत, चंपा पाहायले काय जाता, देवीदास ऐकायले जा.

शेजारची सुभद्रा तीनदा जाऊन आली. फुलं घ्यायले आली की रुख्मिणीले छेडे. तुझा नवरा काय गोड बोलतो वं. चंपा, चंपा करून जीव टाकतो. तुले घरी असंच म्हणतो का? रुख्मिणी हसून दे. पण एक दिवस मले म्हणाली, बाई, मले एकदा नेता का? मी तिले घेऊन गेली. खरं सांगते, मले वाटलं तिले अभिमान वाटंल.

आमी कनातीत बसलो. पेटीवाल्यानं पेटी सुरू केली, दिवे गेले. देवीदासले माहीत नव्हतं आमी आलो आहो. पहिलीच चंपाची पाटी आली अन् त्यानं भोंगा तोंडाले लावला. "चंपा, तुझ्या परडीतली फुलं विकू नको, त्यायले तुझ्या हाताचा वास आहे." मंग दर दोन-चार पाट्यायले चंपा. रागात चंपा, लाडात चंपा, रडत चंपा. मी रुख्मिणीकडे पाहत होती. ती पडद्याकडे पाहतच नव्हती, खोक्यावरच्या माणसाकडे पाहून राहिली होती. शेवटची पाटी आली, "चंपा, मी आलो, दार उघड," तवा त्याच्या आवाजात खरंखुरं पाणी होतं. आजूबाजूच्या बाया हुंदके देऊन राहिल्या. रुख्मिणीचे डोळे कोरडे.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "बाई, तिचं नाव किती सहज घेतात ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ताटावर बसला होता. रुख्मिणी भाकर वाढून समोरच उभी राहली, पदर नीट केला अन् त्याले म्हणाली, "माझं नाव काय आहे ते सांगा." त्याचा घास हातातच राहला. त्यानं तिच्याकडे पाहलं, मंग माझ्याकडे पाहलं. ओठ हलले, मी पाहलं हलले. अन् मी काय करावं? मी चुलीपासून ओरडली, काय वं, नणंदेसमोर नवऱ्याच्या तोंडून नाव काढून घेतं का कोणी? लाज विकली का बजारात गजऱ्यासंग? त्यानं घास ताटात ठेवला, पाणी पेला अन् उठून गेला. रुख्मिणी ताट उचलून न्यायले वाकली. मी अजून बडबडून राहिली होती.

आखजीले सासुरवाशिणी माहेरी जातात, तशी ती अमरावतीले गेली. पंधरा दिवसांनी परत यायले पाहिजे होती, आली नाही. तीन आठवडे झाले. देवीदास बोलेना, पण सकाळी भाजीच्या जुड्या बांधताना जुडी हातात धरून बसून राही. मी म्हटलं, मी जाते, घेऊन येते. बडनेऱ्याले गाडी बदलली अन् अमरावतीले गेली.

रुख्मिणी मळ्यात होती, मोगऱ्याच्या ओळीत. मले पाहून पाया पडली, पाणी दिलं. चाल म्हटलं तं नाही म्हणाली. मी म्हटलं, मारलं का त्यानं कधी? उपाशी ठेवलं? दारू पेतो? नाही, नाही, नाही. मंग काहून? तिनं ओंजळीतल्या कळ्या टोपलीत टाकल्या अन् म्हणाली, "त्यायनं इथं यावं, बापाच्या दारात उभं राहावं अन् मले एकदा नावानं हाक मारावी. एकदाच. मी आहे त्या लुगड्यावर निघून येते. हा निरोप त्यायले सांगा बाई, तुमाले हात जोडते."

मी सांगते म्हटलं.

गाडीत बसली अन् माझं डोकं फिरलं. सासऱ्याच्या दारात उभं राहून बायकोच्या नावानं बोंबलायचं? चारचौघात? लोक काय म्हणतील, देवीदासले बाईनं ताब्यात घेतलं म्हणतील. हे झालं एक. पण हे अर्धंच आहे. दुसरं सांगते, आता लपवून काय करायचं. माझा नवरा गेला तवा मी तीन वर्षांची संसारी होती. त्यानं दारात नाव घेतलं होतं, त्यानंतर मरेपर्यंत कधी घेतलं नाही, अन् मी काही मागतलं नाही. मरताना "अवं" म्हणाला, तेच. मंग हिलेच काहून पाहिजे? हिच्यात काय असं सोनं लागलं आहे? बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मी हेच घोकत आली.

घरी देवीदास ओसरीवर उभा होता. मले एकटीले पाहून त्यानं माझ्या मागं पाहलं. मी म्हटलं, "नाही येत म्हणते." त्यानं मान हलवली. मी वाट पाहली, की तो विचारंल काहून, अन् विचारलं तं मंग सांगू. त्यानं विचारलं नाही. मळ्यात गेला अन् वांग्यायले पाणी द्यायले लागला.

ती तिकडं वाट पाहत असंल हे मले कळत होतं बरं. रोज कळत होतं. आज सांगते, उद्या सांगते, असं करत दिवस गेले. अन् मंग नत्थुजी आले, संग त्यायच्या गावकीचे दोन पंच. म्हातारा भला माणूस, पागोटं काढून मांडीवर ठेवलं. म्हणे, पोरगी काही सांगत नाही, नुसती दाराकडं पाहत बसते. पंधरा-वीस दिवस झाले तशी बसली होती, परवा उठली अन् म्हणाली, बाबा, मले मोकळं करा. आता जबरदस्तीनं नांदवून काय उपयोग? आमच्यात सोडचिठ्ठीची रीत आहे, बाईले पुन्हा पाट लावता येतो. कागद लिहून आणला होता.

देवीदासनं कागद वाचला. दोनदा वाचला. मी दाराआड उभी होती, तोंडात पदर. तवा बोलली असती तरी चाललं असतं. "तिले नको असंल तं अडवून काय करू," एवढं तो म्हणाला अन् सही केली. सही सुबक होती त्याची. नत्थुजीनं डोळे पुसले. मी चहा केला.

त्यानंतर मले काही वाटेना झालं. रडू नाही, राग नाही, भूक नाही. भाजी निवडायची, विकायची, चूल पेटवायची. हात बधिर झाल्यावर चिमटा घेतला तरी कळत नाही, तसं सगळं अंग झालं. घरात दोन माणसं अन् दोघंही बोलेनात.

जेठ महिन्यात तंबू उठून अमरावतीले चालला. देवीदास कधी अकोल्याबाहेर वाचायले जात नसे, शेठ तिथं दुसरा माणूस घेई. या खेपेले तो आपणहून शेठकडं गेला, म्हणे मी येतो. अन् खेळ तोच लावा म्हणे. शेठले काय, त्याचंही भलंच होतं. मी स्वयंपाकाले म्हणून संग गेली. रेल्वे टेशनाजवळच्या मैदानात तंबू लागला. पहिल्या खेळाच्या दिवशी दुपारी मी बजारात मीठ-मिरची आणायले गेली, तिथं नत्थुजीच्या शेजारची एक फूलवाली भेटली. तिनं सांगतलं, रुख्मिणीचा पाट लागला. हिवरखेडचा पुंजाराम म्हणून शेतकरी, बायको मेलेला, माणूस बरा आहे. चार दिवस झाले तिले जाऊन.

मी मीठ-मिरची घेतली अन् परत आली. देवीदास नवा सदरा घालून बसला होता. दाढी केलेली. मी मनात म्हटलं, खेळ झाल्यावर सांगते.

कनातीत बायायची गर्दी मावत नव्हती. अमरावतीच्या बाया, अंबानाल्याकडच्याही असतील. पेटी सुरू झाली. चंपाची पहिली पाटी आली, देवीदासनं भोंगा तोंडाले लावला, अन् कनातीकडं तोंड करून म्हणाला,

"रुख्मिणी, तुझ्या परडीतली फुलं विकू नको, त्यायले तुझ्या हाताचा वास आहे."

मले वाटलं मी चुकीचं ऐकलं. दुसरी पाटी आली. रुख्मिणी. तिसरी आली. रुख्मिणी. गुजराती कोणाले येत नव्हतं, खेळ कोणी पाहलेला नव्हता, सगळ्यायले वाटलं की फुलं विकणाऱ्या पोरीचं नावच रुख्मिणी आहे. शेठ तेवढा दरवाजापासून उठून आला अन् खोक्याजवळ उभा राहला. थोडा वेळ ऐकलं, मंग मान खाली घालून परत गेला. देवीदास पडद्याकडं पाहतच नव्हता, पाटी आली की एक नजर टाके अन् तोंड कनातीकडं. कनातीच्या आत काळोख, त्याले काही दिसत नसणार. ती तिथं बसली आहे, असं धरून तो बोलत होता. तीन वर्षांत जे घेतलं नाही ते त्यानं त्या दोन तासांत घेतलं, लाडानं, रागानं, विनवणी करून. माझ्या बाजूची म्हातारी डोळ्याले पदर लावून म्हणाली, बिचारी रुख्मिणी, काय नशीब घेऊन आली.

मी उठून जायले पाहिजे होतं. त्या खोक्यापाशी जाऊन सांगायले पाहिजे होतं, बस कर, ती नाही इथं. मी बसून राहली. माझ्या अंगावर कोणी दगड रचून ठेवले होते म्हणा. शेवटची पाटी आली. "रुख्मिणी, मी आलो, दार उघड." पाटी गेली तरी तो म्हणतच राहला, "दार उघड, रुख्मिणी." पेटीवाला थांबून गेला. लोकायले वाटलं असंच आहे खेळात.

दिवे लागले. बाया बाहेर निघाल्या तसा तो कनातीच्या तोंडाशी येऊन उभा राहला, एकेकीचं तोंड पाहत. सगळ्यायच्या शेवटी मी निघाली. माझ्या तोंडावरून त्याले कळलं, पण मी सांगतलं, सांगणं भाग होतं. पाट लागला म्हटलं, हिवरखेडले. त्यानं भोंगा खोक्यावर ठेवला. म्हणाला, "बरं."

त्यानंतर त्यानं कधी वाचलं नाही. शेठ घरी येऊन गेला दोनदा, तं हा मळ्यातून आला नाही. दोन वर्षांत बोलते सिनेमे आले, मंग वाचणाऱ्याचं कामच संपलं. लोक म्हणत, देवीदासची रोजी गेली. त्याची रोजी भाजीची होती, ती चालू होती. दुसरं लग्न कर म्हणून मी मागं लागली, दोन स्थळं आणली. मान हलवली, आडवी.

अकरा वर्षं गेली. चैतात सुभद्रेच्या संग मी रिद्धपूरच्या जत्रेले गेली. सुभद्रेचं माहेर महानुभावांचं, ती दरसाल जाई. दुपारी झाडाखाली भाकरी सोडून बसलो होतो. समोरून एक बाई चालत आली अन् थांबली. रुख्मिणी. अंगानं भरलेली, केसांत पांढरं. माझ्या पाया पडली, पहिल्यासारखीच. घरची चौकशी झाली. पुंजाराम बरा आहे म्हणाली, दोन लेकरं आहेत. सुभद्रा पाण्याले गेली तवा ती म्हणाली, "मी निरोप धाडला होता बाई. त्यायनं ऐकून काय म्हटलं, एवढं मले कोणी सांगतलं नाही."

आता पाहा. मी म्हणू शकत होती, त्याले सांगतलं, तो नाही म्हणाला. कोणाले कळलं असतं? किंवा म्हणू शकत होती, सांगतलं, म्हणूनच तं तो अमरावतीले आला, उशीर झाला एवढंच. तेही खपलं असतं, अन् माझी सुटका झाली असती. पण अकरा वर्षं मी त्या घरात त्याचं तोंड पाहत होती. मी म्हटलं, "निरोप पोचलाच नाही. मी सांगतला नाही." अन् मंग तंबूचंही सांगतलं. नवा सदरा, कनात, शेवटची पाटी, सगळं.

तिनं मले शिव्या दिल्या असत्या तं मी खाल्ल्या असत्या. तिनं नुसतं ऐकलं. हातातल्या गाठोड्याची गाठ सोडत होती अन् बांधत होती. मंग म्हणाली, "म्हणजे त्यायनं नाव आपल्या मनानं घेतलं."

"हो," मी म्हटलं.

ती उठली, लुगड्याची माती झटकली. चार पावलं गेली अन् परत आली. "आता हा तरी निरोप सांगा. की मी वाट पाहली होती. मी उगाच नाही गेली." एवढं बोलून गर्दीत गेली. मी भाकरी तशीच गुंडाळून ठेवली.

अकोल्याले परत आली ती संध्याकाळ. देवीदास ओसरीत मेथीच्या जुड्या बांधून राहिला होता. मी हातपाय न धुता त्याच्यासमोर बसली, अन् सांगतलं. मोगऱ्याची ओळ, तिचा निरोप, मी तो कसा गिळला, काहून गिळला, अन् जत्रेत ती काय म्हणाली. मधात थांबली असती तं पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून थांबली नाही. तो जुड्या बांधत होता. सुतळी गुंडाळायची, गाठ मारायची, बाजूले ठेवायची. माझं झाल्यावर बराच वेळ तेच चाललं.

मंग त्यानं विचारलं. सगळ्या जन्मात मले त्यानं विचारलेला तो पहिला प्रश्न असंल.

"एकदाच म्हणायचं होतं?"

"एकदाच," मी म्हटलं. "दारात उभं राहून."

त्यानं मान हलवली. उरलेली मेथी संपेपर्यंत बसला, मंग हात धुतले. त्या दिवशी मले त्यानं बोल लावला नाही, पुढंही कधी लावला नाही. लावला असता तं बरं झालं असतं, माझ्या अंगात काही हललं असतं.

सकाळी मी दाराशी झाडून राहिली होती. त्यानं टोपली डोक्यावर घेतली अन् चौकटीत येऊन उभा राहला, जिथं मी हात खाली घेतले होते तिथंच. मी झाडणी थांबवली. मले वाटलं, आता काही तरी बोलंल. तो उभा राहला. त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. मंग म्हणाला, "निघतो."

मी बाजूले सरली.